समाजभूषण साहेब व्हायचंय? मग रेंजचा नाद सोडा

परवा शहरात एक सत्कार झाला. सत्कारमूर्ती म्हणजे एका टेलिकॉम कंपनीचे विभागीय साहेब. फेटा, शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्रात त्यांची 'गरुडभरारी' आणि 'समाजाप्रती असलेली तळमळ' अगदी दाटून आली होती. आमच्या गल्लीतलं इंटरनेट त्याच कंपनीचं. राऊटरवरचा लाल दिवा गणपतीच्या आधीपासून देवघरातल्या नंदादीपासारखा अखंड चालू आहे. मानपत्राचं वाचन सुरू असतानाच मोबाईलवर मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे यशस्वीरीत्या निवारण करण्यात आले आहे.' तेव्हाच ठरवलं, कोल्हापूरच्या होतकरू पोरांना या क्षेत्राची वाट दाखवायची. फी नाही.

सुरुवात छत्रीखालून करा. स्टॅन्डजवळ किंवा कॉलेजच्या दारात कंपनीची रंगीत छत्री लावायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याचं कार्ड पोर्ट करायचं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २०११ साली आली. ग्राहकाला स्वातंत्र्य मिळावं म्हणून ती आली, असं सांगतात. भावा, स्वातंत्र्य ग्राहकाचं आणि टार्गेट तुझं. मंथ-एंडला आकडा भरत नसेल तर रिटेलरच्या गळ्यात सिमांचा गठ्ठा मारायचा. दोन महिन्यांनी ती सिमं बंद पडेनात का, तोवर तुम्ही बढतीवर सांगलीला गेलेले असता.

वर्षाचे महिने बारा, हे कॅलेंडर छापणाऱ्यांना सांगा. आपला महिना २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला १३ रिचार्ज. २०२२ मध्ये ट्रायनं, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकानं बजावलं, की प्रत्येक कंपनीनं ३० दिवसांचा एक तरी प्लॅन ठेवावा. ठेवा की! ॲपमध्ये इतका खाली ठेवा, की शोधता शोधता गिऱ्हाईकानं कंटाळून २८चाच मारला पाहिजे.

भाषणाची सुरुवात 'राजर्षी शाहूंच्या पावन नगरीत' अशीच करायची. पुढं काय बोलता याकडं कुणाचं लक्ष नसतं.

आता मुख्य विद्या, तक्रार बंद करणे. दुरुस्त करणे नव्हे. दुरुस्त करायला माणूस लागतो, शिडी लागते, केबल लागते. बंद करायला एक बटण पुरतं. गिऱ्हाईकानं फोन केला की आधी मशीन बोलेल, मग मराठीचा पर्याय दाबल्यावर हिंदीत बोलणारा कुणीतरी 'राऊटर बंद करून चालू करा' म्हणेल. केलं म्हटलं तरी पुन्हा करायला लावेल. मग तिकीट नंबर. मग संध्याकाळी 'आमचा प्रतिनिधी आला असता आपण उपलब्ध नव्हता' असा मेसेज. घरात चार माणसं, दाराला कडी नाही, कुत्रं अनोळखी माणसावर भुंकल्याशिवाय राहत नाही, तरी आम्ही उपलब्ध नव्हतो! मग तिकीट बंद. पुन्हा फोन केला तर नवा नंबर, कारण जुनी तक्रार 'सुटलेली' आहे. ट्रायकडं जावं तर ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत बसत नाही. ते म्हणणार, कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडं जा. २०१२च्या नियमानुसार अपील ३० दिवसांत करायचं आणि त्यांनी ते ३९ दिवसांत निकाली काढायचं. म्हणजे ज्यांनी तार लोंबकळत ठेवली त्यांच्याच घरात जाऊन न्याय मागायचा. आणि तार कुठं तुटलीय हे सगळ्या गल्लीला माहीत आहे हो! कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावर काळ्या वायरीचं भेंडोळं आहे, त्याला कुणीतरी दुधाची पिशवी बांधलीय, तिथूनच एक टोक खाली लोंबतंय. शेजारच्या आजी येता-जाता ते टोक काठीनं बाजूला सारतात. साहेबांच्या डॅशबोर्डवर मात्र सगळं हिरवं.

तो दुरुस्तीवाला पोरगा काय, ठेकेदाराचा माणूस. अर्धा करवीर तालुका त्याच्या एका मोटरसायकलवर. शिव्या त्यानं खायच्या, फेटा साहेबांनी बांधायचा.

राहता राहिली समाजसेवा. इथं कायदा तुमच्या बाजूनं आहे. २०१३च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ सांगतं, की मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्चावेत. आणि नियमात स्पष्ट लिहिलंय, की कंपनीचा रोजचा धंदा त्यात मोजायचा नाही. म्हणजे बघा, आमची तार जोडणं ही समाजसेवा होतच नाही! मग वेळ कशाला घालवायचा? त्यापेक्षा शाळेत पाण्याची टाकी द्या. टाकीवर कंपनीचं नाव टाकीपेक्षा मोठं. झाडं लावा, खड्डा पोरांनी काढायचा आणि कुदळ फोटोपुरती तुम्ही धरायची. मंडळाला कमान द्या, कमानीवर नवा प्लॅन छापा. जाहिरातीसाठी दिलेली स्पॉन्सरशिप नियमात बसत नाही म्हणे, पण आमच्याकडं कमान कुणी मोजत नाही.

पुरात पाकिटं वाटायला विसरू नका. फोटो त्याच दिवशी जाऊ द्या, रेंज नंतर बघू.

आणि इथं मला हसू येत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. चिखली, आंबेवाडीची माणसं गच्चीवर बसून होती आणि इकडं पाहुणेरावळे फोन लावून लावून दमले होते. लागत नव्हते. त्या दिवशी त्या माणसांना बिस्किटाचा पुडा हवाच होता, पण त्याआधी 'आम्ही जिवंत आहोत' एवढं सांगता आलं असतं तर बास होतं. ते सांगता येणं हा तुमचा धंदा. त्याचेच पैसे आम्ही आगाऊ भरतो, २८ दिवसांनी, न चुकता. त्यावर कसला पुरस्कार घेता? आणि देणाऱ्यांनो, तुम्ही तरी माणूस बघून देता का कमान बघून? शाहूंचं नाव घ्यायला जीभ कशी रेटते? त्या माणसानं १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, ते राज्य चालवण्याचंच काम समजून केलं. त्यासाठी वेगळा सेवाभाव छापून घेतला नव्हता.

साहेब, मानपत्र भिंतीवर लावा, हरकत नाही. पण पुढच्या पावसाळ्यात पाणी इशाऱ्याच्या ३९ फुटांवर यायच्या आत एवढं जाहीर करा: नदीकाठच्या कुठल्या टॉवरला जनरेटर आहे, त्यात डिझेल किती तास पुरतं, ते संपल्यावर बोटीतून कोण नेणार, आणि रात्री दोन वाजता त्यासाठी केलेला फोन कोण उचलणार. त्या माणसाचं नाव लिहा. प्रतिनिधी आला असता आम्ही उपलब्ध नव्हतो, हे त्या दिवशी चालायचं नाही.