चेअरमन व्हायचंय? आधी डायनासोर पाळा

कारखान्याची निवडणूक पाच वर्षांतून एकदा येते आणि पॅनेल नेमकं तुम्हालाच वगळून जाहीर होतं. पतसंस्थेत संचालक बिनविरोध होतात. कसे होतात ते विचारायचं नसतं. ग्रामपंचायतीला उभं राहावं म्हटलं तर वॉर्डाचं आरक्षण फिरतं. अशानं सांगली जिल्ह्यातल्या होतकरू माणसानं कारभार शिकायचा तरी कुठं?

उपाय आहे. 'जुरासिक वर्ल्ड इव्होल्यूशन' नावाचा गेम घ्या. इंग्लंडात केंब्रिजला फ्रंटियर डेव्हलपमेंट्स म्हणून कंपनी आहे, तिनं तो 2018 साली काढला. 2021 मध्ये दुसरा भाग आला, 2025 मध्ये तिसरा. काम एवढंच, की बेटावर डायनासोर पैदा करायचे, तिकीट लावून दाखवायचे आणि पार्क फायद्यात ठेवायचं. घरचे म्हणतील, पोरगं दिवसभर गेम खेळतंय. त्यांना सांगा, प्रशिक्षण चालू आहे. वडील तरीही बडबडले तर त्यांना पार्कचं तज्ज्ञ संचालक करून टाका. त्या पदाला काम नसतं, पण माणूस गप्प बसतो.

तुम्ही सांगलीचे, म्हणजे पहिला प्रश्न जागेचा पडणार. इथं चार गुंठ्यांचा व्यवहार करायचा तर फेरफार, मोजणी, चुलत्याची सही आणि मुंबईला दिलेल्या आत्याचं हक्कसोडपत्र. गेममध्ये पाचच्या पाच बेटं मोकळी आणि एकाचाही सातबारा नाही. धरणग्रस्त नाहीत, प्रकल्पग्रस्त नाहीत. कोयनेची माणसं दोन पिढ्यांनंतरही पुनर्वसनासाठी मोर्चे काढतात. इथं तुम्ही माऊस फिरवला की डोंगर सपाट होतो आणि त्या डोंगरावर कुणाचं कुलदैवत नसतं. असा तालुका मिळायला भाग्य लागतं.

मग डायनासोर आणायचे. त्यासाठी खोदकामाची टोळी परदेशी पाठवावी लागते. उदाहरणार्थ अमेरिकेत हेल क्रीक म्हणून खडकांचा थर आहे, खऱ्या जगात टी-रेक्सची हाडं तिथं सापडतात, तसं गेममध्येही टोळी तिकडं जाते. "आपल्याच रानात खणलं तर?" असा स्वाभिमानी विचार मनात आणू नका. आपल्या पायाखाली सगळा काळा कातळ आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे डायनासोर संपले त्याच सुमारास, इथं लाव्हा वाहत होता. बोअर मारणाऱ्या गाडीवाल्याला विचारा, तीनशे फूट खाली काय लागतं. तो भूगर्भशास्त्रज्ञापेक्षा कमी शब्दांत आणि जास्त शिव्यांत सांगेल. महाराष्ट्रात डायनासोर निघतात ते तिकडं विदर्भात. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा म्हणून गाव आहे, तिथं तर हाडांबरोबर दगड झालेली जुनी विष्ठाही मिळते. म्हणजे इथंही अनुशेष उलटा पडला. त्यांच्याकडं निदान शेण तरी आहे, पश्चिम महाराष्ट्राच्या वाट्याला नुसता कातळ.

अर्थात आपल्याकडं जिवंत माल आहे. कृष्णेत भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत, आणि मगर म्हणजे डायनासोरच्या भाऊबंदकीतलीच, दोघांचं मूळ घराणं एक. पण ती फुकट दिसते. फुकट दिसणाऱ्या प्राण्याला आपण पर्यटन म्हणत नाही, संकट म्हणतो.

तर टोळी जीवाश्म आणते, त्यातून डीएनए काढतात, आणि जीनोम, म्हणजे त्या प्राण्याच्या डीएनएचा अख्खा संच, 50 टक्के जमला की अंडं उबवायला टाकता येतं. जीनोम जितका अर्धवट, तितकी उबवणी फसायची शक्यता जास्त. फसली की लाखो डॉलर पाण्यात. घाबरट खेळाडू थांबतो, टक्केवारी वाढवतो. तुम्ही थांबू नका. निम्म्या मंजुरीवर नारळ फोडण्यात आपला हात कोण धरणार?

आता कुंपण. हे नीट वाचा, कारण इथं गेम तुम्हाला चुकीची सवय लावू पाहतो. त्याचं म्हणणं असं, की आधी कुंपण, मग फाटक, मग चारा-पाणी, आणि सगळं तयार झालं की प्राणी आत सोडा. असं केलं तर उद्घाटनाला दाखवणार काय? आपल्याकडं आधी कमान लागते. मग कमानीपासून आतपर्यंत पेव्हिंग ब्लॉक, मग हॉटेल, मग मोनोरेल. यातून पैसे उरलेच तर कुंपण, तेही पुढच्या वर्षीच्या निधीतून. नाहीतरी कुंपणावर फार विसंबायचं नसतं हे आपल्या जिल्ह्याला ठाऊक आहे. सागरेश्वरचं अभयारण्य 1985 सालचं, 10.87 चौरस किलोमीटरचं, उजाड डोंगरावर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं. त्याला जाळी आहे, आत हरणं आहेत. ती रात्रीची जेवायला कुठं जातात ते देवराष्ट्रे भागातल्या एखाद्या शेतकऱ्याला विचारा. मात्र हातात काठी असेल तेव्हा विचारू नका.

गेममधला डायनासोर कुंपण उगाच तोडत नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. प्रत्येकाच्या समाधानाची एक पट्टी असते. एवढं गवत पाहिजे, एवढी झाडी पाहिजे, आपल्या जातीचे इतके सोबती पाहिजेत आणि इतर जातींची गर्दी इतक्यावर नको. झाडं कमी लावली, पट्टी घसरली. स्ट्रुथिओमायमसला एकटा ठेवला, पट्टी घसरली. ती खाली गेली की तो बिचारा आधी येरझाऱ्या घालतो, मग जाऊन कुंपणाला धडका मारतो. हे तुम्हाला ओळखीचं वाटेल. वार्षिक सभेत मागच्या रांगेतला सभासद उसाच्या बिलाचं विचारायला उठतो, त्याचीही पट्टी अशीच घसरलेली असते. फरक इतकाच, की सभेत पुढच्या चार रांगा "मंजूर, मंजूर" ओरडतात आणि विषय संपतो. डायनासोरला "मंजूर" म्हणायला शिकवायची सोय गेममध्ये कुठल्याच भागात दिलेली नाही. तीन भाग काढले, पण कंपनीला एवढं सुचलं नाही.

मांसाहारी प्राण्यांसाठी बोकडांची सोय असते. खालून जिवंत बोकड वर येतो. मटणाचा सध्याचा भाव आठवून हळहळू नका, तो खर्च पार्कच्या खात्यावर पडतो. आणि व्हेलोसिरॅप्टर बघून कुणी शहाणा म्हणालाच, की खरा व्हेलोसिरॅप्टर टर्कीएवढा होता आणि त्याच्या अंगावर पिसं होती, तर त्याचं बरोबर आहे. पण त्याला विचारा, पोल्ट्री बघायला तिकीट काढून कोण येईल? आपल्याकडं रस्त्याला पोल्ट्री दिसली की लोक नाकाला रुमाल लावून गाडी दामटतात.

प्राणी बाहेर पडतोच, तेव्हा त्याची पुढची तयारी ठेवा. गेममध्ये हेलिकॉप्टर उडतं, बेशुद्धीचं इंजेक्शन मारतं, प्राणी आडवा होतो आणि उचलून परत आत ठेवला जातो. वाटल्यास बंदूक तुम्ही स्वतः चालवू शकता. पर्यटक तेवढ्यात निवाऱ्यात पळून जाऊन बसतात. इथं मात्र गेम सपशेल खोटा आहे. 2021 च्या डिसेंबरात सांगलीच्या मार्केट यार्डात गवा शिरला होता. तेव्हा पब्लिक कुठल्या दिशेनं पळालं? गव्याच्या. वनखात्याच्या लोकांना आधी माणसं आवरायची होती, गवा नंतर. खरं सांगलीकर पार्क करायचं तर सायरन वाजल्यावर पर्यटक मोबाईल वर धरून, लहान पोरगं खांद्यावर घेऊन टी-रेक्सकडं धावताना दाखवायला हवेत, आणि मागून एकानं ओरडायला हवं, "ए, पुढं सरका की, काय दिसंना!"

एखादा पर्यटक खाल्ला गेला तर? घाबरून जाऊ नका. खात्यातून दंड वजा होतो, पार्कचं रेटिंग थोडं उतरतं, आणि जरा वेळानं लोक पुन्हा पूर्वीसारखे आइस्क्रीम खात फिरू लागतात. मेलेल्याचं नाव नाही, गाव नाही, नातेवाईक नाहीत. रस्ता रोको नाही. तुम्हाला सांत्वनाला जावं लागत नाही, फोटोसाठी पांढरा शर्ट लागत नाही, "दोषींची गय केली जाणार नाही" हे वाक्य पाठ करावं लागत नाही. म्हणून कारभारी माणसानं एकच हिशेब घालायचा: मजबूत कुंपणाला किती आणि माणसामागं दंड किती. तुम्ही हा हिशेब करायला कॅल्क्युलेटर काढलात, की समजा प्रशिक्षणाचा निम्मा अभ्यासक्रम झाला.

उरलेला निम्मा म्हणजे गट. पहिल्या भागात तीन खाती असतात: विज्ञान, मनोरंजन आणि सुरक्षा. तिघांचे प्रमुख सारखे फोन करतात आणि कामं सांगतात. एकाचं काम केलं की त्याच्याकडं तुमचं वजन वाढतं आणि उरलेल्या दोघांकडं उतरतं. फार दिवस दुर्लक्ष केलं तर दुखावलेला गट घातपात करतो. वीज जाते, फाटकं उघडी सापडतात. परदेशी खेळाडूंना हे फार विचित्र वाटतं. आपल्याच पार्कचा माणूस आपल्याच पार्कचं फाटक का उघडेल? तुम्हाला वाटणार नाही. जत्रा कमिटीत ज्यानं एकदा काम केलं, त्याला पाळण्याचा जनरेटर ऐन आठ वाजता का बंद पडतो हे समजावून सांगावं लागत नाही. उपायही तुम्हाला माहीत आहे. तिघांनाही रोज "तुमचंच काम हातात घेतलंय" म्हणायचं आणि चौथंच करायचं. गेममध्ये हे वाक्य टाईप करता येत नाही, तरी मोठ्यानं म्हणायची सवय ठेवा. पुढं लागेल.

दुकानांचे दर तुमच्या हातात असतात. काय विकायचं, कितीला विकायचं, नोकर किती ठेवायचे, सगळं. बर्गरऐवजी मनात भडंग धरा आणि दर तिप्पट करा. नोकर तीन लागत असतील तर एक ठेवा, बाकीचे दोन भाच्याचे मित्र आहेत असं समजून पगार चालू ठेवा.

वादळाची फारशी चिंता नको. गेम आधी इशारा देतो, तुम्ही निवारे उघडता, वारं सुटतं, चार कुंपणं पडतात, ती जीपवाले येऊन दुरुस्त करतात. पण नदी नाही हो गेममध्ये! म्हणजे पाणी आहे, तळी आहेत, पण पूर येत नाही. 2019 च्या ऑगस्टात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं, आणि 45 फुटांना धोका पातळी. ज्या माणसानं तेव्हा दर तासाला "आयर्विनला किती?" विचारत माडीवर धान्याची पोती चढवली, त्याला केंब्रिजचं चक्रीवादळ म्हणजे विश्रांती. शिवाय धरणातून किती क्युसेक सोडायचं यावर शेजारच्या राज्याशी पत्रव्यवहार करावा लागत नाही.

एवढं करूनही पार्क कर्जात गेलं, तर सँडबॉक्स नावाची सोय आहे. तिथं पैशाला मर्यादाच नाही. वादळ बंद करा, कर्ज बंद करा, हवे तितके टी-रेक्स ओता. खेळ म्हणून यात काही राम नाही, तासाभरात जांभया येतात. पण काही जणांची अख्खी कारकीर्द याच प्रकारात गेली आणि त्यांना कधी जांभई आलेली कुणी पाहिली नाही, तेव्हा सराव म्हणून एखादा रविवार द्या.

राहिलं नामकरण. गेममध्ये प्रत्येक डायनासोरला आपल्याला हवं ते नाव देता येतं. पहिल्या टी-रेक्सला तालुक्याच्या साहेबांचं नाव द्यायचा मोह होईल. द्या. वाढदिवसाला स्क्रीनचा फोटो काढून फ्लेक्स करा, खाली शुभेच्छुकांत तुमचा फोटो साहेबांपेक्षा थोडा लहान आणि डायनासोरपेक्षा थोडा मोठा ठेवा. फक्त ध्यानात घ्या, की गेममधले डायनासोर म्हातारे होतात आणि मरतात. मेला की हेलिकॉप्टर येऊन धूड उचलून नेतं, पिंजरा रिकामा पडतो, आणि गर्दी लगेच पातळ होते. अशा वेळी रडत बसू नका, पोटनिवडणुकीची वाट बघू नका. प्रयोगशाळेत जा आणि त्याच जीनोमचं दुसरं अंडं उबवायला टाका. बाहेर येईल त्याला नावही तेच द्या, मागं फक्त 'दादा' लावा. पिंजरा तोच, बोकड तेच, आणि पाटी रंगवायचा खर्चसुद्धा वाचतो.