छातीची सोनोग्राफी फक्त बिल वाढवायला?

नागपुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "फुप्फुसात हवा असते, हवेत सोनोग्राफी चालत नाही. आयसीयूत ती करतात फक्त बिल वाढवायला. एक्स-रे काढा, नाहीतर सरळ सीटी." धंतोलीत आयसीयूबाहेर बसलेले नातेवाईक मोबाइल पुढे करतात, "हे खरं आहे काय जी?"

हवेचं म्हणणं अर्धं खरं. हवेवर आपटून ध्वनिलहरी परत फिरतात, आतलं फुप्फुस दिसत नाही. पण त्या परतताना पडद्यावर खुणा उमटवतात, आम्ही डॉक्टर त्याच वाचतो. आडव्या ए-रेषा म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाखाली हवा. आवरणापासून खाली उतरणाऱ्या बी-रेषा एकाच जागी तीन किंवा जास्त दिसल्या, की तिथे बहुधा ओल वाढलीय. फ्रान्सच्या डॉ. डॅनियल लिश्टेनस्टाइन यांनी यावरच ब्लू प्रोटोकॉल, म्हणजे दम लागण्याचं कारण सोनोग्राफीने शोधायची ठरलेली पद्धत, उभा केला. २००८ सालच्या त्यांच्या अभ्यासात २६० रुग्णांपैकी ९०.५ टक्क्यांत दम लागण्याचं कारण बरोबर निघालं.

एक्स-रे पुरतो? व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा एक्स-रे बहुतेक वेळा झोपवूनच काढावा लागतो. छातीत सुटलेली हवा तेव्हा पुढच्या बाजूला जमते आणि थोडी असली तर फिल्मवर निसटते. सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे हातात धरायचा भाग, छातीवर ठेवला तर आवरणाचे दोन पदर श्वासागणिक एकमेकांवर सरकताना दिसतात, पांढरी रेघ चमचमते. ती चमचमली, तर त्या जागी न्यूमोथोरॅक्स, म्हणजे अशी सुटलेली हवा, नाही. थांबलेली दिसली म्हणून लगेच हवा काढायला छातीत नळी टाकायची नाही. तोंडातली ट्यूब एकाच फुप्फुसात उतरली तरी दुसरीकडचं सरकणं थांबतं. सरकणारा आणि न सरकणारा भाग जिथे भेटतात तो 'लंग पॉइंट' सापडला, की निदान पक्कं.

सीटीत जास्त दिसतं, वादच नाही. पण बीपीच्या औषधांचे पंप, सिलिंडर, ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटर घेऊन पेशंट लिफ्टमधून न्यायचा, तेही दिवसातून किती वेळा?

खऱ्या मर्यादा मेसेजवाल्याला सुचल्याच नाहीत. आवरणापर्यंत न आलेली गाठ प्रोबला दिसत नाही. कातडीखाली हवा पसरली की चित्रच मिळत नाही. बी-रेषा हार्ट फेल्युअरमध्ये येतात, न्यूमोनियात येतात, जुन्या फायब्रोसिसमध्येही, म्हणजे फुप्फुस कडक झालं असलं तरी. बघणारा कच्चा असला, तर निदानही कच्चं.

राहिला बिलाचा संशय. सोनोग्राफी लावली असेल, तर केस पेपरवर वेळ, दोन्ही बाजूंना काय दिसलं आणि त्यावरून उपचारात काय बदललं, हे लिहिलेलं असायला हवं. नसेल, तर खुशाल विचारा.