बरगड्या कुणी काढून घेत नव्हतं: कॉर्सेटच्या फॉरवर्डला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर आणि इन्स्टाग्रामवर एक मजकूर सारखा फिरतो आहे. वर छातीच्या पिंजऱ्याचा जुना एक्स-रे आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं: कंबर बारीक दिसावी म्हणून व्हिक्टोरियन काळातल्या (म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या) बायका शस्त्रक्रिया करून बरगड्या काढून घेत. पुढचे दावे असे. त्यांची कंबर 13 ते 16 इंच असे. पुरुषांनी त्यांना लोखंडाच्या आणि व्हेलच्या हाडांच्या पिंजऱ्यात कोंडलं होतं. श्वास कोंडून त्या उठसूट बेशुद्ध पडत, त्यांच्या हातून कसलंच काम होत नसे आणि हजारो जणी त्यातच मेल्या. अखेर पहिल्या महायुद्धाने त्यांची सुटका केली. शेवटची ओळ सांगते की आजच्या मुली नशीबवान आहेत, कारण आजचे वेस्ट ट्रेनर, म्हणजे कंबर आवळणारे पट्टे, शास्त्रशुद्ध आणि सुरक्षित असतात. काही ठिकाणी त्याखाली खरेदीची लिंकही असते.

मी फॅशन डिझाइन शिकते आणि माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषय कॉर्सेट, म्हणजे पट्ट्या घालून ताठ केलेली, नाडीने आवळायची चोळी, हाच आहे, कालचा आणि आजचा. त्यामुळे हा मजकूर मला नातेवाइकांपासून मैत्रिणींपर्यंत सगळ्यांकडून येतो, आणि दर वेळी वाईट वाटतं ते शेवटच्या ओळीचं. काल जितका भयंकर रंगवाल तितका आजचा पट्टा निर्धोक वाटतो. म्हणून एकेक दावा तपासायला हवा.

आधी बरगड्या. रुग्णाला ईथरची भूल देऊन केलेली पहिली गाजलेली शस्त्रक्रिया 1846 साली बॉस्टनमध्ये झाली, क्लोरोफॉर्म त्याच्या पुढच्या वर्षी आलं. जंतुनाशक वापरून जखम कशी जपायची हे जोसेफ लिस्टर यांनी जगापुढे मांडलं 1867 मध्ये, आणि ते सगळीकडे रुजायला आणखी बरीच वर्षं गेली. ज्या काळात साधा पाय कापतानाही माणूस जखम चिघळून दगावत असे, त्या काळात फुप्फुसाच्या आवरणाला खेटून असलेलं हाड हौसेखातर कोण काढून देईल? त्या काळचे शल्यचिकित्सक आपल्या वेगळ्या केसेस नियतकालिकांत हिरिरीने छापत. तरीही कंबरेसाठी बरगडी काढल्याची एकही विश्वासार्ह नोंद सापडत नाही. कॉर्सेटच्या विरोधात डॉक्टरांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. त्यांच्या हाती असला पुरावा असता तर तो पहिल्या पानावर आला असता. शिवाय बरगड्यांच्या सगळ्यांत खालच्या दोन जोड्या पुढे कशालाच जोडलेल्या नसतात. कॉर्सेट आवळलं की त्या आत सरकतात, काढायची गरजच पडत नाही.

आणि तो एक्स-रे? अशी चित्रं बहुतेक वेळा घेतली जातात ती लुडोविक ओफॉलोवेल या फ्रेंच डॉक्टरांच्या 1908 सालच्या पुस्तकातून. त्यांनी कॉर्सेट घातलेल्या आणि न घातलेल्या स्त्रियांचे एक्स-रे शेजारी शेजारी छापले होते. त्यांत बरगड्या दबलेल्या, आत वळलेल्या दिसतात, काढून टाकलेल्या नाहीत. या डॉक्टरांचा आक्षेप वाईट बेताच्या आणि करकचून आवळलेल्या कॉर्सेटला होता. कॉर्सेट पार हद्दपार करा, असं ते म्हणत नव्हते. त्यांचं चित्र त्यांनी न केलेल्या दाव्याला जोडणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

कंबरेच्या इंचांचा मुद्दा मला सगळ्यांत रोचक वाटतो, कारण तो टेप घेऊन तपासता येतो. इंग्लंडमध्ये मार्केट हार्बरो या गावी सिमिंग्टन कंपनी कॉर्सेटं बनवायची, आणि तिचा संग्रह आज लेस्टरशायरमध्ये जपून ठेवलेला आहे. फॅशनच्या इतिहासकार व्हॅलेरी स्टील यांनी त्यातल्या 197 कॉर्सेटांची मापं दिली आहेत. 18 इंचांचं फक्त एक आहे, 19 इंचांची 11, आणि बहुतेक सगळी 20 ते 26 इंचांच्या मधली. ही मापं पाठीमागच्या दोन्ही कडा जुळवून घेतलेली असतात. प्रत्यक्षात पाठीवर नाडीच्या दोन कडांमध्ये दोन-तीन इंचांची फट सोडून कॉर्सेट घालायची पद्धत होती. म्हणजे 22 इंचांचं कॉर्सेट घालणाऱ्या बाईची आवळलेली कंबर 24-25 इंच असू शकते. शिवाय जपून राहिलेले कपडे मुळात लहान मापाचे असण्याचं एक कारण आहे: मोठ्या मापाचा कपडा उसवून, बेतून पुन्हा वापरता येतो, लहान मापाचा पेटीत पडून राहतो.

मग 13 आणि 16 हे आकडे आले कुठून? 1860च्या दशकाच्या उत्तरार्धात सॅम्युअल बीटन यांच्या ‘इंग्लिशवुमन्स डोमेस्टिक मॅगझिन’मध्ये निनावी पत्रांची लाट आली होती. अमुक शाळेत मुलींची कंबर आवळून 13-14 इंचांवर आणतात, असलं वर्णन त्यांत चवीचवीने केलेलं असे. त्यातली बरीच पत्रं म्हणजे काही वाचकांच्या कामुक कल्पनांचे खेळ होते, असं आज अभ्यासक मानतात. तीच पत्रं पुढे पुरावा म्हणून छापली गेली. पोलेरसारखी एखादी फ्रेंच अभिनेत्री खरोखरच अतिशय बारीक कंबरेसाठी प्रसिद्ध होती. पण ती प्रसिद्ध होती याचाच अर्थ बाकीच्या तशा नव्हत्या.

जुन्या फोटोंचं काय, असं मला हमखास विचारतात. फोटोच्या काचेवर कंबरेच्या दोन्ही बाजू खरवडून किंवा रंगवून बारीक करणं हे स्टुडिओतल्या रिटच करणाऱ्याचं रोजचं काम होतं. आणि निम्मी करामत कपड्यांची असे: नितंबांवर आणि छातीवर कापसाच्या गाद्या, 1856 नंतर पोलादी कड्यांचा क्रिनोलिन, 1890च्या दशकात फुग्यासारख्या बाह्या. वर आणि खाली घेर वाढवला की मधली कंबर न आवळताही बारीक दिसते.

आता ‘व्हेलच्या हाडांचा पिंजरा’. कॉर्सेटात घालत ते व्हेलच्या तोंडातल्या झालरीचे पट्टे, आपल्या नखांत असतं त्याच केराटिनचे. ते लवतात, आणि अंगाच्या उबेने शरीराचा आकार घेतात. (त्यापायी व्हेलांची जी बेसुमार कत्तल झाली ती मात्र खरी आणि फार दुःखद आहे.) लोखंडी कॉर्सेटं संग्रहालयांत दिसतात, पण सोळाव्या शतकात आंब्रुआज पारे या शल्यचिकित्सकाने वर्णिलेली धातूची कॉर्सेटं वाकड्या पाठीवरच्या उपचारासाठी होती. रोज कुणी ती नटायला घालत नव्हतं.

श्वास आणि काम या दाव्यासाठी मी स्वतः एक कॉर्सेट शिवलं, 1880च्या दशकातल्या बेतावरून. जाड ड्रिलचं कापड दोन पदरी, बेताचे बारा तुकडे, पट्ट्यांच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातले रुंद नायलॉन केबल टाय, पुढे पोलादी बस्क (उघडझाप करायची ताठ पट्टी), मागे आयलेट (नाडी ओवायची धातूची भोकं) आणि नाडी. आत सुती शमीज, कारण कॉर्सेट कधीच उघड्या अंगावर घालत नसत. शमीज रोज धुता येई, कॉर्सेट नाही. नाडी बेताने ओढली तर कपड्यांचं वजन कंबर, नितंब आणि पाठीवर वाटलं जातं. त्यात मी शिवणयंत्रावर बसले, जिने चढले, भांडी घासली. कंबरेत वाकता येत नाही. खाली पडलेली टाचणी उचलायची तर पाठ ताठ ठेवून गुडघ्यात आणि नितंबाच्या सांध्यात वाकावं लागतं. श्वास पोटाऐवजी छातीत वर घ्यावा लागतो. धावले असते तर धाप लागली असती यात शंका नाही.

एकटीच्या अनुभवावर भिस्त ठेवायला नको म्हणून हेही सांगते. कॉलीन गाऊ यांनी अमेरिकेत ऐतिहासिक पोशाख घालणाऱ्या स्त्रियांची मोजणी केली, तेव्हा कॉर्सेटमुळे फुप्फुसांची क्षमता सरासरी 9 टक्क्यांच्या आसपास घटलेली आढळली. काहींची त्याहून बरीच जास्त घटली. म्हणजे त्रास खरा आहे, पण उठसूट बेशुद्ध पडण्याइतका नाही. त्या काळी तरुण मुलींमध्ये क्लोरोसिस नावाने ओळखला जाणारा रक्तक्षय सर्रास आढळे, हेही घेरीचा विचार करताना लक्षात घ्यायला हवं.

आणि कामाचं म्हणाल तर सिमिंग्टन कंपनीने 1890च्या सुमारास ‘प्रिटी हाउसमेड’ नावाचं कॉर्सेट खास मोलकरणींसाठी काढलं होतं. स्वस्त, मजबूत आणि महागड्या व्हेलच्या पट्ट्यांऐवजी दोऱ्याच्या पन्हळ्या भरून ताठ केलेलं. फरशी पुसणाऱ्या, कोळसा वाहणाऱ्या बाईला काम करता आलंच नसतं तर हा माल कुणी काढला असता का?

पुरुषांनी लादलं, हा दावा मात्र एका वाक्यात खोडता येत नाही आणि मला तो खोडायचाही नाही. कॉर्सेटविरुद्ध सगळ्यांत मोठा आवाज पुरुष डॉक्टरांचा आणि व्यंगचित्रकारांचा होता. आणि ते बनवणाऱ्या, सुधारणाऱ्यांत स्त्रिया होत्या: रॉक्सी अ‍ॅन केप्लिन यांना 1851च्या लंडनच्या महाप्रदर्शनात पदक मिळालं, आणि फ्रान्समध्ये इनेस गाश-सारोत या डॉक्टरीणबाईंनी पोटावरचा दाब कमी करण्यासाठी सरळ पुढ्याचं कॉर्सेट आणलं. 1881 साली लंडनमध्ये रॅशनल ड्रेस सोसायटी स्थापून कॉर्सेटला जाहीर विरोध करणाऱ्याही स्त्रियाच. पण कॉर्सेट न घालणारी बाई सैल वागणुकीची, हा समज पक्का होता, आणि लेकीची नाडी आई ओढत असे. त्याला निव्वळ हौस म्हणता येणार नाही.

हजारोंच्या मृत्यूंबद्दल: क्षयापासून कर्करोगापर्यंत त्या काळच्या डॉक्टरांनी कितीतरी रोगांचं खापर कॉर्सेटवर फोडलं. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी दाखवला 1882 मध्ये. त्याआधीचं असं निदान आज पुरावा म्हणून धरता येत नाही. हाडांची साक्ष जास्त भरवशाची आहे. मानववंशशास्त्रज्ञ रिबेका गिब्सन यांनी पॅरिस आणि लंडनमधल्या स्त्रियांच्या सांगाड्यांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध केला. बरगड्यांचा आकार बदललेला आणि मणक्यांची मागची टोकं खाली कललेली त्यांना दिसली. पण त्या स्त्रिया त्यांच्या काळाच्या मानाने पुरेसं आयुष्य जगल्या होत्या. म्हणजे वर्षानुवर्षं आवळल्याने हाडं वाकतात, हे खरंच आहे, पण त्यानेच हजारो जणी मेल्या असं यातून दिसत नाही.

महायुद्धाची गोष्ट थोडक्यात. 1910च्या दशकात कॉर्सेट छातीवरून उतरून मांड्यांपर्यंत लांबलं, मेरी फेल्प्स जेकब यांनी 1914 मध्ये ब्रेसियरचं पेटंट घेतलं, पुढे इलॅस्टिकचा गर्डल (कंबर-नितंब आवळणारा पट्टा) आला. 1947 साली फ्रेंच डिझायनर दिओर यांच्या ‘न्यू लुक’ने आवळलेली कंबर परत आणली. सुटका झाली ती नाडीपासून, आवळण्यापासून नाही.

उरली ती शेवटची ओळ. ज्यांना वेस्ट ट्रेनर म्हणतात ते बहुतेक लेटेक्सचे म्हणजे रबराचे, पुढे हुकांच्या दोन-तीन रांगा असलेले पट्टे असतात. त्यात छाती-नितंबांसाठी बेतून जागा सोडलेली नसते आणि ते थेट कातडीवर बसतात. मुंबईच्या दमट हवेत त्याखाली घामोळं उठणार नाही तर काय होईल? दोन दिवसांत वजन उतरतं म्हणतात ते घामाचं पाणी, भांडंभर पाणी प्यायलं की भरून येतं. पट्ट्याखालची चरबी दाबली जाते, जळत नाही. वर तो व्यायामाला घाला म्हणतात, म्हणजे श्वास सगळ्यांत जास्त लागतो तेव्हाच छाती बांधायची. ग्लासगोच्या संशोधकांनी निरोगी माणसांच्या कंबरेला पट्टा बांधून पाहिलं, तर जठरातलं आम्ल अन्ननलिकेकडे चढताना दिसलं. 

आपल्याकडे बाळंतिणीचं पोट सुती कापडाने बांधायची रीत आहे, आणि विक्रेते नेमका तोच धागा पकडून हे रबरी पट्टे ‘आजीचा उपाय’ म्हणून खपवतात. पोट घट्ट आवळलं की दाब खाली ओटीपोटाच्या स्नायूंवर जातो, आणि ते बाळंतपणात आधीच ताणलेले असतात. सिझेरियननंतर डॉक्टर मापाने देतात तो पट्टा वेगळा, तसाच पाठीच्या वाकासाठी देतात तो ब्रेसही. दोन्हींची वेळ, माप आणि मुदत ठरलेली असते.

ज्यांनी असा पट्टा आधीच घेतला आहे त्यांना एवढंच सांगते: मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येत असतील, जेवल्यावर छातीत जळजळत असेल, शिंकताना किंवा हसताना लघवीचा थेंब येत असेल, तर हुक काढा आणि डॉक्टरांना तो पट्टा घातल्याचं न लाजता सांगा.