माजी विद्यार्थी म्हणजे देणगीदारांची यादी नव्हे

अमेरिकेतील लहान लिबरल आर्ट्स महाविद्यालयांत, म्हणजे कला-विज्ञानाचे व्यापक पदवी शिक्षण देणाऱ्या संस्थांत, मुलांना पाठवू नका, असे बजावणारा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. त्यात चार कारणे दिली आहेत: तिथले माजी विद्यार्थी ही केवळ देणग्या उकळण्यासाठी जपलेली यादी असते, दीड-दोन हजार विद्यार्थ्यांच्या संस्थेत ओळखी होऊन होऊन किती होणार, माजी विद्यार्थ्यांकडे मदत मागणे म्हणजे हात पसरणे, आणि संस्था बंद करायचे ठरले की त्यांच्या आपलेपणाला काडीचीही किंमत राहत नाही. हा मजकूर माझ्या बहिणीकडे पोहोचला आणि भाचीचा जवळपास पक्का झालेला प्रवेश अडकून पडला. कोणी लिहिले याचा पत्ता नसलेल्या चार ओळींवर मुलीच्या चार वर्षांचा निर्णय ठरू लागला, तेव्हा गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तो सर्वांत ठामपणे मांडला आहे आणि सर्वांत चुकीचाही तोच आहे. व्हर्जिनियातील स्वीट ब्रायर या मुलींच्या महाविद्यालयाच्या विश्वस्तांनी ३ मार्च २०१५ रोजी जाहीर केले की, आर्थिक अडचणींतून मार्ग उरलेला नसल्याने त्या उन्हाळ्यात संस्था कायमची बंद होईल. माजी विद्यार्थिनींनी लगोलग ‘सेव्हिंग स्वीट ब्रायर’ ही संस्था स्थापन केली, वकील नेमले आणि देणग्यांची लेखी वचने गोळा करायला सुरुवात केली. ज्या इंडियाना फ्लेचर विल्यम्स यांच्या मृत्युपत्रातून हे महाविद्यालय १९०१ मध्ये जन्माला आले, त्या मृत्युपत्राचाच विश्वस्त भंग करीत आहेत, असा दावा अ‍ॅमहर्स्ट परगण्याच्या सरकारी वकिलांनी दाखल केला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जूनमध्ये राज्याचे तेव्हाचे मुख्य कायदा अधिकारी (अ‍ॅटर्नी जनरल) मार्क हेरिंग यांच्या मध्यस्थीने तडजोड झाली. माजी विद्यार्थिनींच्या संस्थेने १ कोटी २० लाख डॉलर द्यायचे, कायम निधीतील (मुद्दल राखून ठेवण्यासाठीच्या देणग्यांतील) १ कोटी ६० लाख डॉलरच्या वापरावरील निर्बंध उठवायचे, अध्यक्षांनी पायउतार व्हायचे आणि विश्वस्त मंडळात नव्या सदस्यांचे बहुमत आणायचे, अशा तिच्या अटी होत्या. पैसे दिले गेले आणि त्याच वर्षी वर्ग पुन्हा भरले. विद्यार्थिनींची संख्या बरीच घटली होती, पण संस्था जिवंत राहिली. त्या उन्हाळ्यात माजी विद्यार्थिनी स्वतः आवारात येऊन राहिल्या. त्यांनी भिंती रंगवल्या, खिडक्या पुसल्या, वाफ्यांतले तण उपटले, आणि श्रमदानाचे असे आठवडे पुढील वर्षांतही भरले. ‘काडीचीही किंमत नाही’ असे लिहिणाऱ्याने हे एक प्रकरण तरी वाचायला हवे होते.

या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, हे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते. न्यू यॉर्क राज्यातील १८६८ पासूनच्या वेल्स महाविद्यालयाने २०२४ च्या एप्रिलअखेरीस बंद होण्याची घोषणा केली आणि ते सत्र संपताच दारे लावली. अलाबामातील बर्मिंगहॅम-सदर्न महाविद्यालय ३१ मे २०२४ रोजी बंद झाले, तेव्हा त्याचा बेसबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात खेळत होता. स्वीट ब्रायरकडे कायम निधी होता, हजारो एकर जमीन होती आणि हाती काही महिने होते. तिजोरी रिकामी झाल्यावर आणि काही आठवडेच उरल्यावर माजी विद्यार्थ्यांचे प्रेम पुरत नाही. म्हणून पालकांना धास्ती वाटत असेल, तर त्यांनी अमेरिकी शिक्षण खात्याचा आर्थिक जबाबदारीचा गुणांक पाहावा. तो उणे १ ते ३ या पट्टीवर दिला जातो आणि १.५ पेक्षा कमी असेल, तर त्या संस्थेला प्रश्न विचारलेच पाहिजेत.

देणगीच्या मुद्द्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. पत्रे येतात, फोनही येतात. ‘यू. एस. न्यूज’ या प्रकाशनाच्या महाविद्यालयांच्या क्रमवारीत देणगी देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या टक्केवारीला गुण असत, त्यामुळे काही संस्था अगदी पाच-दहा डॉलरसाठीही मागे लागत, हेही खरे. तो निकष २०२३ मध्ये काढून टाकण्यात आला. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात झुकते माप देण्याची पद्धत मला अन्यायकारक वाटते, आणि मॅसॅच्युसेट्समधील अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयाने २०२१ मध्ये ती बंद केली हे योग्यच झाले. परंतु यातील काहीही ‘केवळ देणगीसाठी’ हा शब्दप्रयोग सिद्ध करीत नाही.

राहिला ओळखींचा प्रश्न. विल्यम्स महाविद्यालयाची माजी विद्यार्थी संघटना १८२१ पासून चालू आहे. आकाराने लहान असणे तिच्या आड आले नाही. १८३७ मध्ये स्थापन झालेल्या माउंट होल्योक या मुलींच्या महाविद्यालयात शरद ऋतूत एका सकाळी अचानक घंटा वाजते, दिवसभराचे वर्ग रद्द होतात आणि विद्यार्थिनी डोंगर चढायला निघतात. त्याच दिवशी गावोगावच्या माजी विद्यार्थिनी स्थानिक वेळेनुसार १८ वाजून ३७ मिनिटांनी आइस्क्रीम खायला जमतात. चार वर्षे एकाच आवारात राहिलेली, जेवलेली आणि शिकलेली माणसे पुढे दर पाच वर्षांनी वर्गमेळाव्याला परततात. अशा ठिकाणी एकूण संख्येपेक्षा तुमच्या पत्राला उत्तर येते की नाही, हे महत्त्वाचे असते.

मदत मागणे म्हणजे हात पसरणे, हा सल्ला तर परदेशी विद्यार्थ्याचे सरळसरळ नुकसान करणारा आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्याला पदवीनंतर ओपीटी या कामाच्या परवानगीखाली १२ महिने काम करता येते, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ठरावीक विषयांत आणखी २४ महिने मिळू शकतात. पण त्या पहिल्या वर्षात एकूण ९० दिवसांपेक्षा अधिक काळ बेकार राहता येत नाही. ज्याचे काका-मामा त्या देशात नाहीत, त्याला आतली माहिती देणारा माणूस माजी विद्यार्थ्यांच्या यादीतूनच मिळण्याची शक्यता सर्वाधिक असते. महाविद्यालयाचे करिअर कार्यालय ती यादी उघडून देते ते त्यासाठीच, आणि त्या यादीत आपले नाव राहू देणाऱ्यांना आपल्याला विचारणा होणार हे ठाऊक असते.

भाचीला मी सांगितले आहे की, तिच्या विषयात शिकलेल्या एखाद्या माजी विद्यार्थिनीला आताच, प्रवेश निश्चित करण्यापूर्वी, छोटेसे पत्र लिही. नोकरी मागू नकोस. पहिली नोकरी कशी मिळाली, व्हिसाच्या कागदपत्रांबाबत कंपनीने काय विचारले आणि आज पुन्हा निवड करायची झाली, तर हेच महाविद्यालय निवडाल का, एवढेच विचार.