मासळीच्या पिशवीतले बूट

आज सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. पाऊस लागल्यापासून आमचा व्यायामाचा ग्रुप रत्नागिरीतल्या मांडवीच्या किनाऱ्यावरून मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये आलाय. चौदा जणी, बहुतेक पन्नाशीच्या अल्याडपल्याड. आज कुणीतरी खिडकीतून व्हिडिओ काढून आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली शेरा, "गणपती यायच्या आधीच नाचायला लागल्या." त्यावर हसऱ्या तोंडांची रांग. त्यातली दोन आमच्याच घरातली!

जागच्या जागी धावत होतो हो. आणि नाचलो असतो तरी? गौरी आल्या की ह्याच बायका रात्रभर फुगड्या घालतात, तेव्हा खुर्च्या टाकून कौतुकाने बघता ना?

आमच्यातली एक बावन्न वर्षांची. ती बूट मासळीच्या पिशवीतून आणते. घरी सांगते, मिरकरवाड्याला मासे बघून येते. हॉलच्या पायरीवर चपला काढून बूट चढवते, झालं की परत पिशवीत. बुटांना बांगड्याचा वास. आम्ही हसतो, तीही हसते. पण 1 जूनला मासेमारीवर पावसाळी बंदी लागली, 31 जुलैपर्यंत ट्रॉलर बाहेर पडत नाहीत. आता म्हणे सुकट आणायला जाते. रोज सुकट!

एवढं वय झालं, आणि तासभर स्वतःसाठी असा चोरून?

"घरकाम हाच व्यायाम" म्हणणाऱ्यांनी एकदा विळीवर बसून चार नारळ खवावेत. कंबर मोडते, बळकट होत नाही. पाळी गेली की हाडं ठिसूळ व्हायला लागतात. आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम दमाची हालचाल आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते, मी नाही.

बरं, गप्पा जास्त होतात, मान्य. निम्म्या जणी दिवाळीनंतर गळतात, तेही मान्य. माझा गुडघा अजून कुरकुरतोच. पण त्या तासात "अगो, चहा टाक" म्हणणारं कोणी नसतं. बाकी जाऊ दे.

व्हिडिओत ती पिशवीवाली पहिल्याच रांगेत आहे, बुटांसकट. नातवाने तो नेमका तिच्या सासूबाईंना दाखवला. आमच्या पोटात गोळा. दुपारी तिचा फोन आला. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "बूट केवढ्याचे?"

तिने तीनशे कमी करून सांगितले.