तारा निघाल्या? आता दातांना मोकळं सोडा!

सर्वप्रथम अभिनंदन. दोन वर्षं तारा सोसल्यात, गालाला आतून फोड आले, दर महिन्याला दात आवळून घेतलेत, आणि अखेर तो दिवस उजाडला. आरशात बघून दात विचकून झाले, फोटो काढून झाले. त्याच दिवशी डॉक्टरांनी हातात एक पारदर्शक कवच आणि एक डबी ठेवून काहीतरी लांबलचक सांगितलं. ते तुम्ही ऐकलं नाही. उत्तम. पुढचं मार्गदर्शन मी करते.

ते कवच म्हणजे रिटेनर, सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा. तो निव्वळ औपचारिकता, हे आधी मनाशी पक्कं करा. सरळ झालेले दात जातायत कुठे? त्यांना काय पाय असतात? पाय नसतात, पण मुळाभोवती तंतू असतात, दाताला हाडाशी बांधून ठेवणारे. दात सरकवला की त्यांना नव्या जागी रुळायला महिने लागतात, हिरडीतल्या काही ताणलेल्या तंतूंना तर वर्षभरही. वाकडा फिरलेला दात सरळ केला असेल तर तो माघारी फिरायला टपलेलाच असतो. म्हणून डॉक्टर सहसा पहिले काही महिने जेवण आणि ब्रश सोडून दिवसरात्र घालायला सांगतात, नंतर रोज रात्री. पण तंतूंचं एवढं काय मनावर घ्यायचं!

बसवताना बोटांनी दाबत बसू नका, सरळ चावून बसवा. तडकला की आवाजावरून कळेलच.

घरात कुत्रा असेल तर रिटेनर त्याच्या आवाक्यात ठेवा. लाळेचा वास त्याला फार प्रिय.

गोड सरबतं रिटेनर घालूनच प्या. साखर आत अडकून राहते, लाळेला ती धुवायला वाव मिळत नाही. कीड तुम्हाला दुवा देईल.

आणि डबी घरी ठेवा. जेवायला बसलं की रिटेनर काढून टिश्यूत गुंडाळायचा आणि ताटाशेजारी ठेवून द्यायचा. हे मी हवेत बोलत नाही. गेल्या आठवड्यात भाचा आमच्याकडे राहायला आला. वय अठरा, तारा काढून चार महिने. साहेबांनी जेवताना रिटेनर टिश्यूत गुंडाळून पेल्याआड ठेवला आणि मोबाईल बघत जेवले. टेबल मी आवरलं. चोळामोळा झालेला टिश्यू दिसला की मी तो कचऱ्यात टाकते, हा दोष माझ्यात लहानपणापासून आहे. रात्री अकराला साहेब दारात उभे. ‘मावशी, तू माझा रिटेनर टाकलास?’ टाकलास! म्हणजे आरोपी मी. मग फरशीवर वर्तमानपत्र अंथरून कचऱ्याची पिशवी उलटी केली. उष्टं, सालं, आणि टिश्यू. एकेक उलगडून बघायचा. पारदर्शक वस्तू ओल्या कचऱ्यात शोधणं किती सोपं असतं ते एकदा करून बघा. साहेब एका हाताने नाक धरून दुसऱ्या हाताने टॉर्च दाखवतायत. त्यात बहिणीचा फोन: ‘अगं, नसेल सापडत तर राहू दे. दात झालेत ना आता सरळ!’ झालेत ना सरळ! पोराला घेऊन दोन वर्षं दवाखान्याचे खेटे घातलेस तेव्हा हे शहाणपण कुठे होतं? आणि हे सांगतेस कोणाला? माझा रिटेनर, तारेची आणि प्लास्टिकची हॉली प्लेट, विशीत कपाटात गेली ती गेलीच. आज पंचेचाळिशीत मी दुसऱ्यांदा तारा लावून बसलेय, ते माझ्या सख्ख्या बहिणीला दिसत नाही? दंतवैद्य चार्ल्स हॉली यांनी हा काढता-घालता येणारा रिटेनर १९१९ मध्ये मांडला. शंभरावर वर्षं झाली, पण तो उचलून माणसाच्या तोंडात घालणारं यंत्र काही अजून निघालं नाही.

असो. ज्यांच्या दातांमागे रिटेनर म्हणून बारीक तार कायमची चिकटवली आहे त्यांनी तर निर्धास्त राहावं. खालच्या पुढच्या दातांमागे लाळ सुटते, म्हणून कीटण आधी तिथेच साचतं, आणि नेमकी तार तिथेच असते. बारीक ब्रश, फ्लॉस वगैरे नादाला लागू नका. एका दातावरची चिकटवण सुटली तरी दुखत नाही, तार जागेवरच दिसते. दात तेवढा हिंडायला निघतो.

काढता-घालता येणारा टूथपेस्टने खसाखसा घासा. ओरखडे पडले की जंतूंची राहायची सोय होते.

पंधरा दिवसांनी घातलेला रिटेनर घट्ट लागला तर परत कपाटात टाका. दात सरकल्याची बातमी असते ती. नको ते कशाला ऐका.

हो, सापडला तो. साडेबाराला, पिशवीच्या तळाशी. मी हात धुवायला गेले, तर पाच मिनिटांत स्वयंपाकघरातून हाक: ‘मावशी, हा असा का झाला गं?’ जंतू मारायचे म्हणून साहेबांनी पातेल्यात पाणी उकळून रिटेनर त्यात सोडला होता. तापवून, मऊ करून, दातांच्या साच्यावर ओढून बनवलेलं प्लास्टिक ते! उकळत्या पाण्यात दुसरं काय होणार? वाळलेल्या पानासारखा आक्रसून वर तरंगत होता.

बास, विनोद पुरे. अरे, गार पाण्याखाली धरायचा, मऊ ब्रश फिरवायचा, फार तर कवळी धुवायच्या गोळीच्या पाण्यात बुडवायचा. एवढंच काम आहे! तेवढं होत नाही तुमच्याने? तापलेल्या गाडीत टाकून जाता, खिशात कोंबता, उशीखाली ठेवता, आणि डॉक्टरांनी विचारलं की ‘रोज घालतो’ म्हणून धडधडीत खोटं बोलता. त्यांना काय, तोंड उघडल्या उघडल्या दिसतं. हरवला तर पुढच्या महिन्यात बघू नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करायचा. नीट बसत नसेल तर जोर लावायचा नाही, दाखवायला जायचं. आणि ‘अजून किती दिवस?’ हे रडगाणं बंद करा. दात सरळ हवेत तोवर. ज्यांनी जन्मात तारा लावल्या नाहीत त्यांचेही खालचे दात वयाबरोबर दाटी करतात, तुमचे कोण लागून गेलेत?

भाचा परवा नव्याने माप देऊन आला. आज रिटेनर आणायला निघाला, तेव्हा दारातच विचारलं, डबी घेतलीस का?

‘नवी देतील ना,’ म्हणाला.