विजारीची थट्टा

पुण्यातल्या आतेभावाच्या मुलीने आपल्या लग्नात कन्यादान नको असे सांगितले, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘व्यक्तिस्वातंत्र्य हे पाश्चात्त्य खूळ आहे’ असा निकाल देऊन टाकला. मी फोनवर पुतणीची बाजू घेतल्यावर आतेभाऊ म्हणाला, “तू तिकडे राहतोस, तुला हे पटणारच.”

कोपनहेगनमध्ये बारा वर्षे काढल्यावर मला हे ‘तिकडे’ मान्य होत नाही. गर्दीपुढे एकट्या माणसाला महत्त्व देणारा तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्ड याच शहरातला. पण १८४६ साली ‘कोर्सार’ या साप्ताहिकाने त्याच्या विजारीचा एक पाय आखूड आणि दुसरा लांब दाखवणारी व्यंगचित्रे छापली, आणि रस्त्यातली पोरेसुद्धा त्याच्या पायांकडे बघून हसू लागली. रोज पायी फिरणे हा त्याचा जीव की प्राण. तेच त्याला नकोसे झाले. आता त्याचा पुतळा राजग्रंथालयाच्या बागेत आहे, हे ओघाने आलेच.

आपल्याकडे आगरकरांनी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिली. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात टिळकांबरोबर १०१ दिवस काढताना त्यांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणले, ते ‘विकारविलसित’. त्या नाटकातला क्रोनबोर्गचा किल्ला माझ्या घरापासून आगगाडीने तासाभरावर आहे. परवा तिथल्या तटावर वाऱ्यात उभा राहून समोरचा स्वीडनचा किनारा पाहताना मनात आले, की निर्णय न घेता येणाऱ्या राजपुत्राला मराठी बोलायला लावणारा हा माणूस स्वतः मात्र १८८७ साली न पटणारी मते चालवण्यापेक्षा ‘केसरी’ सोडून मोकळा झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने ‘सुधारक’ काढला. दम्याने त्रासलेला हा गृहस्थ चाळिशीही न गाठता गेला. पण ज्यांनी तिरडी उचलली त्यांच्याच पेठांतून तो अखेरपर्यंत वावरला. यात पूर्व कुठली आणि पश्चिम कुठली?

आतेभावाचे एक म्हणणे मात्र मला बोचले. इथून पाठिंबा द्यायला माझे काहीच जात नाही. पुतणीला त्याच माणसांच्या पंगतीत जेवायचे आहे. माझ्या लग्नात हाच विधी मला पटत नसतानाही आईला वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसलो होतो, हे मी फोनवर सांगितले नाही.

“काका, त्या वेळी माझ्या शेजारी उभे राहाल ना?” असे पुतणीने विचारले आहे. तिकीट मी अजून काढलेले नाही.